पाण्याची पारख



तीर्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचे वाळवंट येते, आळंदीची इंद्रायणी येते, पैठणची गोदा येते. आपल्याच गावचे तळे मात्र येत नाही. शब्दाची फोड केली तर तीर्थ म्हणजे तरून जाण्याची, पाण्यात उतरण्याची जागा. या अर्थाने ज्या तळ्यावर आपल्या आजीने हंडा भरला आणि बैलांनी नांगरट संपवून तोंड बुडवले, ते तळेही तीर्थच. मग चंद्रभागेपुढे जोडले जाणारे हात गावच्या तळ्यात कचऱ्याची पिशवी कशी टाकतात? आज या प्रश्नाचे चिंतन करू, आणि इतिहासाला सोबत घेऊन करू.

मी हे शहापूर तालुक्यातल्या शेणव्यातून लिहितो आहे. इकडचा पाऊस असा की आषाढात ओटीवरून अंगणात उतरणे कठीण. आणि जमीन अशी की खाली काळा कातळ, पडलेले पाणी दोन दिवसांत ओढ्याने नदीला आणि नदीने खाडीला. होळी सरली की पाड्यापाड्यांवर हंड्यांची रांग लागते, टँकरची वाट पाहिली जाते. आणि याच मुलखातून तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आमच्या तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अशा ठिकाणी गावचे तळे ही शोभेची वस्तू नव्हे, तो गावाचा जीव आहे.

आपल्या शास्त्रकारांनी धर्माचे दोन भाग सांगितले, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग, पूजा हे इष्ट. विहीर, बारव, तळे, धर्मशाळा, झाडे लावणे हे पूर्त. तळे बांधून झाले की त्याचा उत्सर्ग करायचा, म्हणजे बांधणाऱ्याने संकल्प करून त्यावरची स्वतःची मालकी सोडायची आणि ते सर्व भूतमात्रांच्या हवाली करायचे. सर्व भूतमात्र म्हणजे माणसे आली, गुरे आली, पाखरे आली. बांधणाऱ्याला त्या पाण्यावर इतरांइतकाच हक्क, जास्त नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर पुण्यस्थान, पाणवठा, देऊळ आणि राजाची जागा इथे घाण करणाऱ्याला एकेका पणाने चढता दंड सांगितला आहे. पाणवठा देवळाच्या पंगतीला बसवलेला आहे, हे ध्यानात घ्या.

याचा पुरावा पाहायला आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरकडे जाता येते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने वर देशावर जाई. त्या घाटात कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. टाक्याला त्या काळच्या प्राकृतात ‘पोढी’ म्हणत, आणि सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पोढी दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याने खर्च केला तो आपल्या दाराशी नव्हे, तर जिथे त्याची ओळखही कोणाला नाही अशा घाटात, कधी न भेटणाऱ्या वाटसरूंसाठी. उत्सर्ग म्हणतात तो हा. पुढे शिवकाळ पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाविषयी लिहिताना आधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, साठा करावा आणि तो जपावा असे बजावले आहे. आमच्या माहुली गडावरची टाकी पाहिली की या शिकवणीचा अर्थ कळतो. अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, कुंड, बारवा बांधल्या, तीही याच पूर्तधर्माची परंपरा.

आता माऊली, या परंपरेला लागलेला डागही सांगितला पाहिजे. कीर्तनकाराने गोड तेवढेच सांगू नये.

कोकणातच महाडला चवदार तळे आहे. तळे सार्वजनिक, गुरे पाणी पीत, परधर्मीय पाणी भरत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला तिथे ओंजळ बुडवण्याची मनाई. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागद खुला झाला, काठ खुला झाला नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह शिस्तीने चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या माणसांवर हल्ले झाले. आणि मग गावातल्या काही शास्त्री म्हणवणाऱ्यांनी काय करावे? तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्या पाण्यात ओतल्या आणि तळे शुद्ध झाले असे जाहीर केले.

इथे जरा थांबा. पाण्याच्या नजरेने या प्रसंगाकडे पाहा. तहानलेल्या माणसाने ओंजळ भरून पाणी उचलले, त्याने पाण्यात काय मिसळले? काही नाही. आणि शुद्धी करणाऱ्यांनी काय मिसळले? शेण. पिण्याच्या पाण्यात शेण ओतणाऱ्याला शुद्धीकर्ता म्हटले गेले आणि पाणी पिणाऱ्याला बाटवणारा. असे का झाले? कारण पाण्याकडे कोणी पाहिलेच नाही. सगळे काठावर उभ्या असलेल्या माणसाची जात पाहत होते. त्या वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा मज्जाव करण्याचा कोणताही अनादी रूढीचा हक्क शाबीत होत नाही.

नाथमहाराजांचा प्रसंग तुम्हाला पाठ आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड खांद्यावर. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. नाथांनी कावड त्याच्या तोंडी रिकामी केली आणि रामेश्वर इथेच पावला म्हणाले. ज्या संप्रदायात गंगोदक गाढवाला पाजण्यात पूजा मानली, त्या संप्रदायाच्या मुलखात माणसाला तळे बंद होते. पंढरपूरच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिला नमस्कार करून आत जाताना हा इतिहास आठवावा, म्हणजे नमस्कार पुरा होतो.

तर पहिला धडा हा, की पाणी शुद्ध की अशुद्ध हे माणसाकडे पाहून ठरवायचे नसते, पाण्याकडे पाहून ठरवायचे असते. पण पाण्याकडे पाहायचे कसे? वरून नितळ दिसणारे पाणीही मारते. हे आपल्या वारीला फार महाग पडून कळले आहे. एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ यात्रांच्या वाटेने फिरे. गावोगाव जरीमरीची ठाणी बसली, नवस झाले, माणसे मरत राहिली. १८८४ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन वैद्य कोलकात्यात या रोगाचे मूळ शोधत होता. तिथल्या एका तळ्याच्या काठच्या वस्तीत पटकी लागली होती. त्याच तळ्यात रोग्याचे कपडे धुतले गेले होते, त्यातच लोक अंघोळ करत आणि त्याचेच पाणी पीत. कॉखने त्या तळ्याचे पाणी सूक्ष्मदर्शकाने तपासले, आणि स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू त्या पाण्यात सापडले. मरी कोणा देवीच्या कोपाने येत नव्हती. एकाच्या पोटातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जात होती. आज पालखीच्या आधी आरोग्य खात्याची माणसे वाटेवरच्या विहिरी तपासतात, त्यांत टीसीएल पावडर टाकतात, म्हणून लाखांचा मेळा सुखरूप घरी परततो. ती माणसे वारीत टाळ वाजवत नसतील, पण त्यांचे काम वारीच्या सेवेचेच आहे.

दुसरी गोष्ट जिंकल्याची आहे, आणि ती तरुणांना माहीत नाही. माझ्या वयाच्या माणसांना नारू हा शब्द आठवत असेल. पायाला फोड येई, तो फुटे, आणि त्यातून दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा किडा आठवडेच्या आठवडे काडीवर गुंडाळत बाहेर काढावा लागे. महाराष्ट्र हे नारू असलेल्या सात राज्यांपैकी एक होते. याचे मूळही तळ्यात आणि पायऱ्यांच्या विहिरीतच. आग होणारा पाय थंड करायला रोगी पाण्यात उतरे. किडा त्या पाण्यात पिल्ले सोडी. ती पिल्ले पाण्यातली बारीक पिसू गिळी. आणि ती पिसू दुसरा माणूस पाण्याबरोबर गिळे. वर्षभराने त्याच्या पायातून किडा निघे.

या रोगाला लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. तरी तो गेला. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पाणी दुहेरी फडक्याने गाळा, नारू झालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, पायऱ्यांच्या विहिरीला कठडा बांधून रहाट लावा, गावागावात जाऊन रोगी शोधा, एवढ्याच साध्या गोष्टी. १९९६ च्या जुलैनंतर देशात एकही नवा रोगी सापडला नाही, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. धोतराच्या सोग्याने आणि शेजाऱ्यावर ठेवलेल्या प्रेमळ नजरेने एक प्राचीन रोग देशातून घालवला. पाण्याची राखण गरिबाला परवडत नाही असे म्हणणाऱ्याला हा दृष्टान्त सांगावा.

तिसरी गोष्ट मुंबईची. तिथे धोबी तलाव आहे, गोवालिया टँक आहे, सी. पी. टँक आहे, पण जाऊन पाहाल तर रस्ते आणि इमारती. नावातले तळे जमिनीवर नाही. शहराने १८६० साली विहारचे, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानसाचे पाणी आणले. पुढे हिवतापाच्या भयाने आणि जागेच्या हावेने जुनी तळी-विहिरी बुजवल्या. नंतर वैतरणा आणि भातसाही आली. मुंबईला परवडले, कारण तिला आणायला आमचा डोंगर होता. आमच्या गावाने आपले तळे नासवले तर आम्ही कोणाच्या डोंगराकडे हात पसरायचा? शहराची नक्कल करताना एवढा एक हिशेब खेड्याने विसरू नये.

आता आजच्या रोगाकडे येतो. महाडला जी नजर चुकली ती एका बाजूने. आज ती दुसऱ्या बाजूने चुकते आहे. तेव्हा नसलेला विटाळ दिसत होता, आज असलेली घाण दिसत नाही. तुम्ही म्हणाल, ‘बुवा, तीर्थाला कसला विटाळ? गंगा सगळ्यांची पापे धुते, तिला कोण बाटवणार?’ हा पूर्वपक्ष मी आयुष्यभर ऐकत आलो. याला उत्तर असे की पावित्र्य आणि स्वच्छता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आई पवित्रच असते, म्हणून तिच्या लुगड्याला चिखल लागला तर धुवायचा नाही काय? ज्या इंद्रायणीच्या पात्रात तुकोबांच्या वह्या तरल्या असे आपण कंठ दाटून सांगतो, तिच्यावर आळंदीत कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. तिला पवित्र म्हणणे सोपे आहे. तिला स्वच्छ ठेवणे ही खरी पूजा.

नदी निदान वाहते. तळे कोंडलेले असते. त्यात टाकलेले त्यातच राहते. निर्माल्य टाकले की ते कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. कपड्यांच्या साबणातले, शेतातल्या खताचे क्षार ओघळून आले की शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो पहाटे, आपल्या काकड्याच्या वेळी. काकड्याहून परतताना तळ्यावर मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले, तर समजा तळे आजारी आहे. प्लास्टरच्या गणेशमूर्ती विरघळत नाहीत आणि त्यांच्या रंगांतले विषारी धातू गाळात बसतात; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये याविषयी नियम घालून दिले आहेत. आपला शाडूचा गणपती बादलीत विसर्जित करून ते पाणी तुळशीला घातले, तर देवाचा अवमान होत नाही. निर्माल्याचे खत करून झाडाला दिले, तर फूल पुन्हा फुलाच्या कामी येते.

एक गंमत सांगतो. निवळीचे बी तुम्हाला ठाऊक असेल. ते सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात घातले की गाळ खाली बसतो. मनुस्मृतीत याचा दृष्टान्त आहे, की निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. माणसांची उतरंड रचणारा ग्रंथ म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुसऱ्या परिषदेत जिचे दहन झाले तीच ही स्मृती. त्या रागाचे कारण खरेच होते. पण हे एक वाक्य तिच्यातले सोने आहे, आणि आपण वारकरी सोने कुठूनही उचलतो. आपला तर नामावर भरवसा. नामाने चित्त निवळते, यात मला शंका नाही. पण हंड्यातले पाणी निवळायला बी उगाळावे लागते, आणि चित्त निवळलेला माणूस ते उगाळायचा कंटाळा करत नाही. नाम आणि काम यांत भांडण नाही ते असे.

मग गावाने करायचे काय? मला रसायनशास्त्र येत नाही, पण नेमाने वारी करणे येते. तळ्याचीही वारी करावी. दर शुद्ध एकादशीला चार जणांनी, त्यांत बायका आणि शाळेतली मुले असावीत, तळ्यावर जावे आणि एक वही ठेवावी. रंग कसा, वास कसा, काठावर कोणी घाण केली काय, मेलेले मासे आहेत काय, जलपर्णी किती पसरली, हे लिहावे. एक पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. ही युक्ती १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटलीतल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून समुद्रात करून पाहिली, आणि आजही जगभरच्या तळ्यांवर हीच चालते. साधू कोणत्याही पंथाचा असो, पाण्यात डोकावून पाहतो. महिन्यामागून महिने तबकडी लवकर दिसेनाशी होऊ लागली, तर गाळ किंवा शेवाळ वाढते आहे हे वहीच सांगेल.

डोळ्यांना न दिसणाऱ्यासाठी ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक असतो आणि तपासणीचे संच असतात. बायकांना ते वापरण्याचे शिक्षण दिले जाते. एका छोट्या बाटलीत पाणी भरून दोन दिवस उबेत ठेवायचे. काळे पडले तर त्यात मैल्याचा अंश आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कसोटी अशी, की पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात मैल्याचा एकही जंतू नसावा. आम्लतेचा आकडा साडेसहा ते साडेआठच्या आत असावा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. अंघोळीच्या पाण्यात प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा आणि मैल्याचे जंतू १०० मिलीलिटरला ५०० च्या आत असावेत, फार तर २५००. निकाल आला की तो चावडीवर आणि देवळाच्या भिंतीवर लावावा. हंड्याहंड्याने पाणी नेणाऱ्या बाईला तो वाचता आला पाहिजे, वाचता येत नसेल तर कोणी वाचून दाखवला पाहिजे.

आणि टीसीएल पावडर सरसकट तळ्यात ओतू नये. गाळ आणि शेवाळच ती खाऊन टाकतात, उरलीच तर मासे मरतात. ती विहिरीला आणि टाकीला. तळ्याचे पाणी प्यायची वेळ आलीच तर आधी तुरटीने निवळावे, गाळावे, मग उकळावे. तळ्याला औषध एकच, की घाण जाऊच द्यायची नाही. गुरांना वेगळा उतार, धुण्याला काठापासून दूर दगड आणि त्याचे पाणी झाडांकडे, वरच्या अंगाला शौचाला बंदी, उन्हाळ्यात श्रमदानाने गाळ काढून तो शेतात.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे आपण ऐकतो. लोकांचे देणे सोडणारी ती वही पाण्याने घेतली. लोकांना तारणारी अभंगांची वही पाण्याने परत दिली. तळ्याची ही वहीही त्याच मोलाची समजा. तिच्यात कोणाची जात लिहू नका, कोणावरचा राग लिहू नका. फक्त पाणी कसे आहे ते लिहा, खरे लिहा, आणि एकही एकादशी चुकवू नका. वारी चुकू नये असे मागणे आपण पांडुरंगाकडे मागतो. त्या मागण्यात आपल्या तळ्याचीही एक वारी असू द्या.

पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!